बाग कुठल्या दिशेला झोपली?

रावेर तालुक्यात मामांच्या शेतावर पोचलो तेव्हा वावधन, म्हणजे उन्हाळ्यातलं वादळी वारं, येऊन गेल्याला एक रात्र उलटली होती. बांधावरच्या निंबाला आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका अजून लोंबत होता. त्याच्या पलीकडची मृगबाग, म्हणजे जून-जुलैत लावलेली केळी, निम्मी आडवी झालेली. आठ-पंधरा दिवसांत कापणीला आले असते असे घड चिखलात रुतले होते. मामा काहीच बोलत नव्हते. मी शिवारात चालत सुटलो आणि तासाभरात एक गोष्ट लक्षात आली. मामांची केळी पश्चिमेकडे डोकं करून पडली होती. रस्त्यापलीकडे, दीड-दोन किलोमीटरवरच्या बागेतली पूर्वेकडे. नाल्याच्या अंगाची सरळ दक्षिणेला. मधल्या मोकळ्या रानात कुणीतरी उभं राहून चहूबाजूंना ढकलून दिल्यासारखी.

वारा एका दिशेनं वाहत आला असता तर सगळ्या बागा एकाच बाजूला झोपल्या असत्या. हा वारा वरून पडला होता.

पडलेल्या झाडांवरून वारा वाचण्याची ही रीत जगाला शिकवली ती टेत्सुया फुजिता या जपानी-अमेरिकन शास्त्रज्ञानं. १९४५ साली अणुबॉम्बनंतर नागासाकीची पाहणी करताना त्यानं स्फोटाच्या केंद्रापासून बाहेर झोपलेली झाडं पाहिली होती. १९७४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत टोर्नेडोंचं, म्हणजे सोंडेसारख्या चक्रवातांचं, थैमान झालं, तेव्हा विमानातून खाली बघताना त्याला एका जंगलात तशीच चांदणीसारखी नक्षी दिसली. पुढच्या वर्षी २४ जूनला न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरणारं विमान वादळी पावसात कोसळलं आणि शंभराहून अधिक माणसं गेली. त्या अपघाताचा अभ्यास करून फुजितानं सांगितलं, की गडगडाटी ढगाखाली हवेचा झोत जमिनीवर आदळतो आणि सगळीकडे फाकतो. त्याला त्यानं डाउनबर्स्ट नाव दिलं. पसारा चार किलोमीटरच्या आत असला तर मायक्रोबर्स्ट.

आता हे खानदेशात इतक्या जोरानं का होतं? माझ्या मते याचं उत्तर ढगाच्या उंचीत आहे आणि त्यासाठी साधं गणित पुरतं. तापलेली हवा वर जाताना किलोमीटरमागे जवळपास १० अंशांनी थंड होते. थंड होता होता तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं, तिथे ढगाचा तळ बसतो. हा तळ किती उंचावर बसेल, ते हवेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं ते) यांच्यातल्या फरकावर ठरतं. दर अंशाच्या फरकाला साधारण सव्वाशे मीटर. मेमधली भुसावळ-जळगावची दुपार धरा. पारा ४४ आणि दवबिंदू २०. फरक २४ अंशांचा, म्हणजे ढगाचा तळ ३,००० मीटरवर. जुलैत पाऊस लागल्यावर हवा ३० आणि दवबिंदू २५ असेल, तर तळ जेमतेम सव्वासहाशे मीटरवर उतरतो. म्हणून पावसाळ्यातले ढग सातपुड्याच्या माथ्याला टेकलेले दिसतात आणि मेमधला ढग पर्वताच्या कितीतरी वर टांगलेला असतो.

या तीन किलोमीटरच्या कोरड्या, भट्टीसारख्या हवेतून पावसाच्या थेंबाला खाली यायचं असतं. पुष्कळ थेंब वाटेतच संपतात. दुपारी ढगाखाली करड्या झालरी लोंबताना दिसतात ना, जमिनीपर्यंत न पोचणाऱ्या, त्या म्हणजे वाटेत सुकणारा पाऊस. आणि पाणी सुकताना काय होतं, हे माठाला हात लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. एक किलो हवेत, म्हणजे ढोबळमानानं एका घनमीटरात, एक ग्रॅम पाणी सुकलं तर ती हवा अडीच अंशांनी गार होते. चार ग्रॅम सुकलं की १० अंश. गार हवा जड, म्हणून ती खाली निघते. उतरताना दाबली जाऊन ती पुन्हा तापायला हवी आणि थांबायला हवी. पण थेंब सुकतच असतात आणि भोवतालची हवाही खाली खाली तापतच गेलेली असते. त्यामुळे ती शेवटपर्यंत भोवतालच्या हवेपेक्षा जडच राहते. वर गारा असतील तर त्या वितळतानाही उष्णता ओढतात आणि पडणाऱ्या पाण्याचं वजन हवेला सोबत खेचतं. जोरदार कोसळीत जमिनीवरचा वारा ताशी १०० किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकतो.

जमिनीला टेकल्यावर ही हवा वाऱ्यापेक्षा पाण्यासारखी वागते. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर तापीत पाण्याचा लोंढा पुढे सरकतो, तसा गार हवेचा लोंढा गरम हवेच्या खाली घुसतो आणि तिला उचलत पुढे जातो. त्याच्या तोंडाशी धुळीची भिंत असते. बांधावर उभं राहून ती एकदा पाहिली आहे. आधी वारा अगदी पडला, केळीचं पान हलेना, मग सातपुड्याकडची बाजू तांबूस होत दिसेनाशी झाली. मातीचा ओला वास आमच्यापर्यंत आला तेव्हा पावसाचा एक थेंबही पडलेला नव्हता. पाऊस पलीकडे कुठेतरी झाला होता आणि लोंढा त्याचा वास घेऊन आला होता. पाच मिनिटांत अंगावर काटा आला, इतकं गार झालं. गरम हवा अशी उचलली गेली की तिथे नवा ढग उभा राहतो, त्याची कोसळ पुढच्या शिवारात. एका संध्याकाळी तीन-चार गावांत मागेपुढे नुकसान होतं, ते असं.

केळीचं म्हणाल तर तिला आपण झाड म्हणतो, पण तिच्यात लाकूड नाही. खांब म्हणजे एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांच्या साली, नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. पानं वाऱ्यानं शिरांच्या रेषेत फाटतात. ते वाईट दिसलं तरी केळीच्या भल्याचं असतं, कारण फाटक्या पानाला वारा कमी धरतो. पण डोक्यावर वीस-पंचवीस किलोचा घड असतो आणि तोही एका अंगाला. जून-जुलैत लावलेल्या मृगबागेचे घड नेमके वावधनाच्या दिवसांत सर्वांत जड होतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ४० चे ८० झाले की मार चौपट. खांब कंबरेत मोडला तर घडाचं वजन आणि वारा मिळून त्याला भारी पडले असं समजावं. कंदासकट उन्मळला असेल तर वरवरची मुळं आणि ठिबकनं मऊ राहिलेली माती कारण असते. मामांच्या बागेत मोडलेलेच जास्त होते.

अरबी समुद्रातलं चक्रीवादळ वेगळं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि कमजोर होत उत्तर महाराष्ट्राकडे सरकलं, तेव्हा त्याची खबर दिवस-दिवस आधी होती. वावधनाचा सगळा जन्म दोन तासांचा. हवामान खातं पुढच्या तीन तासांचा तात्काळ अंदाज देतं. दुपारी तो बघावा, आणि विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप. विजेनंतर तीन सेकंदांत गडगडाट आला तर ती एकाच किलोमीटरवर पडलेली असते. तेव्हा निंबाखाली थांबू नये, मग त्याला आखाजीचा झोका असो वा नसो.

या वाऱ्याचा आकार लहान असतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. स्वयंचलित हवामान केंद्र महसूल मंडळाला एखादं असतं आणि एका मंडळात कितीतरी गावं. दोन किलोमीटरची कोसळ त्या केंद्राला न शिवताही एखादं शिवार झोपवून जाऊ शकते. फळपीक विम्यात वाऱ्याचा वेग त्या केंद्रावरून बघितला जातो, तिथे शेतकऱ्याचं आणि यंत्राचं म्हणणं जुळत नाही. दोघंही खरं सांगत असतात. म्हणून बाग साफ करण्याआधी पडलेल्या झाडांचे दिशेसकट फोटो काढावेत, असं मी प्रत्येकाला आग्रहानं सांगतो. झोपलेली बाग हीच तिथली वाऱ्याची नोंद असते.

बागेला आडोसा म्हणून लावायच्या शेवरीच्या झाडांबाबतही वाऱ्याच्या दिशेचा विचार करावा लागतो. आपल्याकडे उन्हाळ्यातल्या झळांसाठी बागेच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला शेवरी किंवा हत्ती गवत लावतात. अशी पाझरणारी झाडभिंत आपल्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वारा मोडते. तीन मीटरची शेवरी असली तर तीस मीटर. दगडी भिंतीनं ते साधत नाही, तिच्यावरून उडी मारलेला वारा मागे घुसळतो. पण वरून पडून फाकणाऱ्या वाऱ्याला दिशा नसते, तो तुमच्या बागेत पूर्वेकडूनही शिरेल. मामांकडे तो पूर्वेकडूनच शिरला होता आणि पूर्वेचा बांध उघडा होता. नाल्याच्या अंगाला मागे कधीतरी आपसूक वाढलेल्या शेवरीच्या ओळीमागची चाळीसएक केळी मात्र घडांसकट उभी होती. दुपारी मामा त्या ओळीपाशी गेले, शेवरीची उंची हातानं मोजली आणि पूर्वेच्या बांधाकडे पावलं टाकत अंतर मोजू लागले.