विनोदाला देश असतो का?

'सम लाइक इट हॉट' या 1959 सालच्या अमेरिकी चित्रपटात एक प्रसंग आहे. बाईच्या वेषात वावरणारा एक वादक रात्रभर एका धनाढ्य म्हाताऱ्याबरोबर नाचून पहाटे खोलीवर परततो आणि मोठ्या आनंदाने मित्राला सांगतो, की आपले लग्न ठरले. त्याच्या हातात माराका नावाचे दोन खुळखुळे आहेत. मित्राने प्रश्न विचारावा, याने उत्तर द्यावे आणि लगेच खुळखुळे वाजवत दोन पावले नाचावे, असा तो संवाद पुढे सरकतो. हे खुळखुळे केवळ पात्राची खुशी दाखवण्यासाठी नव्हते. प्रत्येक उत्तरावर प्रेक्षागृहात हशा उसळणार आणि त्या हशात पुढचे वाक्य बुडून जाणार, हे दिग्दर्शक बिली वाइल्डर यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी दर उत्तरामागे नाचाचा एक तुकडा पेरून हशाला जागा मोकळी ठेवली.

या युक्तीमागे शरीराचा साधा नियम आहे. अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी हसण्याचे आवाज ध्वनिमुद्रित करून मोजले, तेव्हा असे दिसले की आपण 'हा' असा लिहितो तो हसण्याचा एकेक तुकडा सुमारे 75 मिलिसेकंद टिकतो आणि असे तुकडे साधारण दर 210 मिलिसेकंदांनी येत राहतात. बोलणे आणि हसणे या दोन्हींना श्वास एकच लागतो, त्यामुळे हसू फुटले की शब्द थांबतात. त्यातच हशा संसर्गजन्य असतो. एका रांगेत उठलेला आवाज दुसऱ्या रांगेत पोचून विरेपर्यंत काही सेकंद सहज जातात, आणि ते सेकंद ज्याला अचूक हेरता येतात, त्यालाच विनोदी चित्रपट साधतो असे मला वाटते.

बीबीसीने 2017 साली 52 देशांतील 253 चित्रपट समीक्षकांना त्यांचे सर्वांत आवडते विनोदी चित्रपट विचारले, तेव्हा पहिल्या क्रमांकावर हाच चित्रपट आला. अशी कोणतीही यादी समोर आली की वाद हमखास पेटतो. आपल्या आवडीचा चित्रपट यादीत नसला की आपण चिडतो, आणि थोड्या वेळाने कोणीतरी समजूत काढतो की इंग्रजांचा विनोद निराळा, अमेरिकनांचा निराळा, जर्मनांना तर विनोद कळतच नाही. विनोद देशागणिक बदलतो, एवढा भाग या समजुतीत खरा आहे. मात्र हसण्याची शक्तीच प्रत्येक राष्ट्राला वेगवेगळी मिळालेली असते, असा जो अर्थ त्यातून काढला जातो, तो मला मुळीच पटत नाही. त्याविरुद्ध पहिला पुरावा याच चित्रपटाच्या जन्मकथेत आहे.

दोन पुरुष वादक बायकांच्या वाद्यवृंदात बाई बनून शिरतात, हे कथानक मूळचे अमेरिकी नाहीच. 1935 साली फ्रान्समध्ये 'फांफार दामूर' या नावाने ते पडद्यावर आले होते, आणि 1951 साली जर्मनीत 'फानफारेन देर लीबे' या नावाने त्याची नवी आवृत्ती निघाली. वाइल्डर स्वतः 1906 साली तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीत, आज पोलंडमध्ये असलेल्या सुखा या गावी जन्मले. त्यांनी व्हिएन्नात पत्रकारिता केली, बर्लिनमध्ये पटकथा लिहिल्या आणि 1933 साली हिटलर सत्तेवर आल्यावर देश सोडला. इंग्रजी त्यांनी पुढे अमेरिकेत आत्मसात केली. अमेरिकेचा सर्वांत विनोदी चित्रपट म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याचे आजोळ फ्रेंच, वडील-घर जर्मन आणि दिग्दर्शक मध्य युरोपातला आहे. जर्मनांना विनोद कळत नाही, हे वाक्य उच्चारण्यापूर्वी एवढी वंशावळ आठवली तरी पुरे.

हसण्याचे मूळ तर राष्ट्रांहून, किंबहुना मनुष्यजातीहूनही जुने आहे. 2009 साली मरिना डाव्हिला-रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि बोनोबो यांच्या पिलांना, तसेच माणसांच्या बाळांना गुदगुल्या करून त्यांचे आवाज नोंदवले. या आवाजांतील साम्य-भेदांवरून नात्यांचा वृक्ष मांडला, तेव्हा तो उत्क्रांतीने आधीच सांगितलेल्या नात्यांशी जुळला. पुढच्याच वर्षी डिसा साउटर यांच्या गटाने उत्तर नामिबियातील दुर्गम वस्त्यांमध्ये राहणाऱ्या हिंबा लोकांना ब्रिटिशांचे आणि ब्रिटिशांना हिंबांचे भावदर्शक आवाज ऐकवले. काही आनंददर्शक आवाज एका समाजाचे दुसऱ्याला उमगले नाहीत, पण हसणे मात्र दोन्हीकडे ओळखू आले.

मग बदलते ते काय? अमेरिकेतील पीटर मॅग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी 2010 साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार हसू येण्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी जाणवाव्या लागतात: काहीतरी नियमाबाहेर घडले आहे, आणि तरीही त्यापासून धोका नाही. गुदगुल्या हे याचे सोपे उदाहरण आहे. आईने केल्या तर बाळ खिदळते, अनोळखी माणसाने केल्या तर रडते, आणि स्वतःच स्वतःला केल्या तर काहीच होत नाही. हा सिद्धान्त विनोदाचे प्रत्येक कोडे सोडवतो असे नाही, परंतु देशादेशांतला फरक समजून घ्यायला तो फार उपयोगी पडतो, कारण नियम आणि धोका या दोन्ही गोष्टी माणूस आपल्या समाजात शिकतो.

आपल्याकडे हा विचार फार पूर्वीच झालेला आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाची कारणे सांगताना विकृत वेष आणि परवेष, म्हणजे दुसऱ्याचा वेष, यांचा उल्लेख आरंभीच येतो. त्याच ग्रंथात वेषभूषेच्या विवेचनात म्हटले आहे, की त्या त्या देशाचा नसलेला वेष शोभा देत नाही. मेखला छातीवर बांधली तर त्यातून केवळ हसूच उत्पन्न होते. मेखला म्हणजे कमरपट्टा, आणि तो कमरेवर बांधायचा असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच हसू येणार. ज्या देशात कमरपट्टा कोणी पाहिलेलाच नाही, तिथल्या प्रेक्षकाला ते छातीवरचे एक सुंदर आभूषण वाटेल आणि तो शांतपणे बघत राहील. त्याच्या विनोदबुद्धीत काही उणे नाही. मोडलेला नियम त्याला माहीत नाही, इतकेच.

याचा सर्वांत बोलका दाखला मराठी रंगभूमीवर आहे. पुरुषाने बाईचा वेष घेतला की प्रेक्षक हसतात, हे आज आपण गृहीत धरतो. पण बालगंधर्व (1888–1967) रंगमंचावर येत तेव्हा कोणी हसत नसे. शालू, नथ आणि गजरा ल्यालेला तो पुरुष प्रेक्षकांसाठी भामिनी होता, रुक्मिणी होता. 'एकच प्याला'तली त्यांची सिंधू पाहताना लोक डोळे पुसत. त्या काळी नाटकातल्या स्त्रीभूमिका पुरुषांनी करणे हाच नियम होता, त्यामुळे पुरुषाच्या अंगावरच्या साडीने कोणताही नियम मोडत नव्हता. तीच साडी, तेच पुरुषाचे शरीर, तोच मराठी प्रेक्षक. बदलला तो भोवतालचा संकेत, आणि एकाच देशात, एकाच भाषेत, दोन-तीन पिढ्यांच्या अंतराने अश्रूंच्या जागी हशा आला. राष्ट्रीय विनोदबुद्धी नावाची काही कायमची वस्तू असती, तर हे घडले नसते.

आणि आता 1988 सालचा 'अशी ही बनवाबनवी' आठवून पाहावा. हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' (1966) या हिंदी चित्रपटावरून तो घेतलेला आहे. पुण्यात चार मित्रांना राहायला जागा हवी असते, घरमालकीण सडाफटिंग मुलांना जागा देत नाही, म्हणून दोघे जण उरलेल्या दोघांच्या बायका बनतात. हॉलिवूडच्या त्या चित्रपटाशी त्याचे कथानक जुळत नाही, पण वेषांतराची क्लृप्ती एकच असल्यामुळे ही वेषांतरे कशासाठी केली गेली, हे शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. फ्रेंच आणि जर्मन चित्रपटांतले वादक बेकार असतात आणि पोटासाठी साडीऐवजी झगा नेसतात. वाइल्डर यांना एवढे कारण पुरेसे वाटले नाही. त्यांनी त्यात गुंडांच्या हातून होणारे हत्याकांड घातले, आणि त्याचे साक्षीदार ठरलेले वादक जीव वाचवण्यासाठी बाया बनतात. आपल्याकडे बंदूक लागली नाही. भाड्याची खोली मिळण्याची आशा हे कारण मराठी माणसाला पूर्णपणे पटले, कारण मुंबई-पुण्यात जागेसाठी उंबरे झिजवण्याचा अनुभव घरोघरी होता. पुरुषाने लाज गुंडाळून ठेवावी इतकी मोठी अडचण कोणती, याचे उत्तर प्रत्येक समाज आपल्या चिंतांमधून देतो, आणि विनोदाचे देशीपण मला तिथे दिसते. अशा चित्रपटाला नुसता हसवणूक करणारा म्हणून बाजूला सारणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

धोक्याची मर्यादाही अशीच सरकत असते. 'सम लाइक इट हॉट' अमेरिकी चित्रपटउद्योगाच्या तत्कालीन आचारसंहितेची मान्यता न घेताच प्रदर्शित झाला. नियम मोडलेला सगळ्यांनाच दिसत होता. तो मोडणे निरुपद्रवी आहे की घातक, यावर मतभेद होते. बहुतेक 'तुमचा विनोद आम्हाला कळत नाही' या तक्रारींच्या मुळाशी हाच मतभेद असतो, असे मला वाटते.

राष्ट्रांच्या आवडी प्रत्यक्ष मोजून पाहण्याचा एक मोठा प्रयत्न ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी 2001–02 साली इंटरनेटवर केला. 40,000हून अधिक विनोद जमा झाले आणि सुमारे 70 देशांतील लोकांनी त्यांना गुण दिले. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये शब्दांवरच्या कोट्या अधिक आवडल्या, तर फ्रान्स, डेन्मार्क आणि बेल्जियममध्ये थोडा अतार्किक, स्वप्नासारखा विनोद पसंत पडला. सर्वाधिक प्रतिसाद आलेल्या दहा देशांत विनोदांना सर्वांत उदारपणे गुण देणारे निघाले जर्मन. मात्र या निष्कर्षांकडे सावधपणे पाहायला हवे, कारण विनोदांच्या संकेतस्थळावर आपण होऊन येणारे लोक त्या देशाचे प्रातिनिधिक नमुने नसतात.

त्यात पहिला आलेला विनोद असा होता: जंगलात दोन शिकारी जातात, एक जण अचानक कोसळतो, दुसरा घाबरून मदतकेंद्राला फोन करून मित्र मेल्याचे सांगतो. पलीकडून सल्ला येतो, 'शांत व्हा, आधी तो मेला आहे याची खात्री करा.' क्षणभर शांतता, मग गोळीचा आवाज, आणि मग शिकारी विचारतो, 'झाली, आता पुढे?' हा विनोद मराठीत सहज उतरतो, कारण 'खात्री करणे' या शब्दांचे दोन्ही अर्थ आपल्याकडेही लागतात आणि उरलेले काम प्रसंगच करतो. शब्दाच्या नादावर उभी असलेली कोटी अशी सीमा ओलांडू शकत नाही. पडून-धडपडून हसवणारे चित्रपट जगभर चालतात आणि बोलीवर बेतलेले चित्रपट घरीच राहतात, याचे बरेचसे कारण इथे आहे.

तरीही एका उदाहरणाने मी दर वेळी थक्क होतो. 1963 साली जर्मन दूरचित्रवाणीने हॅम्बुर्गमध्ये 'डिनर फॉर वन' हे 18 मिनिटांचे इंग्रजी प्रहसन ब्रिटिश कलाकारांना घेऊन चित्रित केले. नव्वद वर्षांच्या वाढदिवशी एक बाई चार जुन्या स्नेह्यांसाठी मेज मांडते; ते केव्हाच वारलेले आहेत, म्हणून म्हातारा नोकर चौघांच्याही वतीने पेले रिचवतो आणि येता-जाता जमिनीवरच्या वाघाच्या कातड्याच्या डोक्याला अडखळतो. एका फेरीत तो न अडखळता पलीकडे जातो, स्वतःच चकित होतो, आणि हशा आणखी मोठा होतो. आता नियमच अडखळण्याचा झालेला असतो. काही मिनिटांत प्रेक्षकांना तो शिकवायचा आणि मग मोडायचा, एवढ्यावर हे प्रहसन भाषेची अट ओलांडते. गेली कित्येक दशके जर्मनीत ते दर 31 डिसेंबरला इंग्रजीतूनच दाखवले जाते आणि घरोघरी पाठ आहे, तर ब्रिटनमध्ये ते दूरचित्रवाणीवर पहिल्यांदा लागले 2018 साली.

प्रोव्हाइन यांनी गप्पांमधले सुमारे 1,200 हशे ऐकून नोंदवले होते. त्यांतले फार तर 10 ते 20 टक्के विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतर आले होते. बाकीचे 'बरं, भेटू पुन्हा' यांसारख्या अगदी साध्या बोलण्यानंतर. एकटे असताना माणूस हसतो त्याच्या सुमारे 30 पट तो इतरांच्या सोबतीत हसतो, असेही त्यांना आढळले. जर्मन कुटुंबाच्या 31 डिसेंबरच्या हशात त्यामुळे शेजारी बसलेल्या आजी-आजोबांचा वाटा मोठा असतो, आणि 'बनवाबनवी' पुन्हा लागल्यावर पुढचे वाक्य पडद्याआधी स्वतःच म्हणणाऱ्या मराठी घरातही तसेच. परदेशी वाढलेली मराठी मुले तो चित्रपट आई-वडिलांबरोबर पाहतात, तेव्हा पदर सावरताना उडणाऱ्या गोंधळाला दोन्ही पिढ्या एकदम हसतात. खोली नाकारली जाते तेव्हा मात्र हसू फक्त आई-वडिलांना येते, आणि मुले चित्रपट थांबवून विचारतात, की त्या बाईंनी या मुलांना जागा का दिली नाही.