ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला असं नाही: पावडर ब्लू टँग सांभाळताना

माझा पहिला पावडर ब्लू टँग घरी आणल्यावर पाचव्या दिवशी त्याच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले, मी घाबरून दोन-चार ठिकाणी फोन केले, आणि आठव्या दिवशी सकाळी बघतो तर सगळे ठिपके गायब. आई म्हणाली, "गेले बघ रे ठिपके, बरा झाला तो." मलाही तसंच वाटलं आणि औषध आणायचं मी रद्द केलं. मग तेराव्या दिवशी ठिपके परत आले ते आधीच्या दसपट, तो धापा टाकायला लागला आणि सोळाव्या दिवशी गेला. तो मधला जो आठवडा होता ना, सगळं छान दिसत होतं तो, त्यात टँकमध्ये नक्की काय चाललं होतं हे मला नंतर वाचून कळलं, आणि टँग पाळणाऱ्या प्रत्येकाला ते मासा घ्यायच्या आधी माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी मासा समजून घेऊ. टँग म्हणजे सर्जनफिश, यांच्या ऐंशीच्या वर जाती आहेत, आणि शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना वस्तऱ्यासारखा धारदार काटा असतो त्यावरून हे नाव पडलं. (म्हणून यांना जाळीने पकडू नका, काटा जाळीत अडकतो आणि मासा फाटतो, प्लास्टिकच्या बरणीने उचला.) पावडर ब्लू हा आपल्याच हिंदी महासागरातला, लक्षद्वीप, मालदीव, श्रीलंका इकडच्या प्रवाळांवर राहणारा. काळा चेहरा, पांढरा गळा, निळं अंग आणि पाठीवर पिवळाधमक पर, एकदा पाहिला की डोक्यातून जात नाही, आणि त्यामुळेच अनुभव नसताना लोक तो घेतात. टँग माणसाच्या देखरेखीत वाढवणं फार अवघड आहे, यलो टँग २०१५ साली हवाईत आणि रीगल टँग २०१६ साली फ्लोरिडात पहिल्यांदा अंड्यापासून वाढवता आला, पण दुकानात दिसणारा पावडर ब्लू बहुतेक वेळा समुद्रातूनच पकडलेला असतो. म्हणजे पकडणं, पिशवी, विमान, होलसेलर, दुकान असा सगळा प्रवास उपाशीपोटी करून तो तुमच्याकडे येतो.

आता त्या ठिपक्यांकडे येऊ. ते बुरशी नाहीत, एका पेशीचा परजीवी आहे, क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, बोलताना आपण सगळे मरीन इच म्हणतो. गोड्या पाण्यातल्या इचशी दिसायला आणि वागायला सारखा, पण तो वेगळा जीव आहे, म्हणून गोड्या पाण्याचं औषध जसंच्या तसं इथे टाकू नका. हा माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली घुसतो आणि तिथे बसून खातो. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे खाऊन फुगलेला परजीवी, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा. तीन ते सात दिवस खाऊन झालं की तो स्वतःहून माशाला सोडतो, आणि हे सोडणं मुख्यतः अंधारात होतं. म्हणून सकाळी लाइट लावल्यावर मासा एकदम स्वच्छ दिसतो. बरा झालेला नसतो, परजीवीचं जेवण झालेलं असतं एवढंच.

सोडल्यावर तो खाली दगडावर, वाळूवर चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत एकाचे दोन, दोनाचे चार असं विभागत जातो. एका कवचातून शेकडो पिल्लं निघतात. काही कवचं तीन दिवसांत फुटतात, काही आठवड्याने, काही महिन्याने, आणि प्रयोगशाळेत एखादं ७२ दिवसांनी फुटल्याचंही पाहिलं गेलंय. बाहेर आलेल्या पिल्लांना साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. पण सापडतोच, कारण ही पिल्लंही अंधारातच बाहेर येतात आणि टँग हा दिवसाचा मासा आहे, रात्री ठरलेल्या कपारीत जाऊन झोपतो. परजीवी रात्री त्याच्या अंथरुणाशीच गळून पडतो, तिथेच कवच करतो आणि तिथेच फुटतो, मासा गाढ झोपेत असताना. समुद्रात पाणी वाहतं, पसरट जागा असते, पिल्लं वाहून जातात आणि माशाला थोडाफार त्रास होऊन विषय संपतो. आपल्या सहा फुटी काचेच्या पेटीत ती जाणार कुठे?

हे कळलं की औषधं का फसतात ते आपोआप कळतं. इचवर नेहमी देतात ते औषध म्हणजे पाण्यात टाकायचं तांबं. कातडीखालच्या परजीवीपर्यंत ते पोहोचत नाही, कवचाच्या आतही पोहोचत नाही, ते फक्त मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. म्हणून तांब्याचा डोस तीन-चार आठवडे सलग योग्य पातळीला ठेवावा लागतो, चार दिवस टाकून बंद केला तर उपयोग नाही. आणि तांबं मेन टँकमध्ये कधीच नाही, कोरल, गोगलगायी, झिंगे सगळे मरतात, शिवाय दगड ते शोषून घेतात मग पाण्यात नक्की किती उरलं ते कळत नाही. तांब्याच्या दोन प्रकारच्या औषधांची मात्रा एकमेकांपेक्षा कितीतरी पटींनी वेगळी असते, तेव्हा बाटलीवरचं वाचा आणि टेस्ट किट घेतल्याशिवाय सुरू करू नका. लसणाचा रस खाण्यात घालायचा सल्ला बरेच जण देतात, वासाने मासा खायला येत असेल तर घाला, पण लसणाने परजीवी मरतो याला ठोस पुरावा नाही.

दुसऱ्या पावडर ब्लूच्या वेळी मी औषधाऐवजी टब बदलायची पद्धत वापरली, ती मला सगळ्यात आवडते कारण तिच्यात परजीवीचंच वेळापत्रक त्याच्यावर उलटवलेलं आहे. साठ-साठ लिटरचे दोन टब, आत फक्त हीटर, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन आणि लपायला पीव्हीसीचा पाइप, वाळू नाही, दगड नाही. दर तीन दिवसांनी मासा दुसऱ्या टबात, ज्याचं पाणी तेवढ्याच खारटपणाचं आणि तापमानाचं हवं, आणि पहिला टब सामानासकट धुवून खडखडीत वाळवायचा. परजीवीला गळून कवच करून फुटायला किमान तीन दिवस लागतात, तो फुटायच्या आत मासा तिथून निघून गेलेला असतो. असे चार बदल, बारा दिवस, आणि शेवटच्या बदलापर्यंत अंगावरचे सगळे गळून गेलेले असतात. त्यानंतर लगेच मेन टँकमध्ये मात्र नाही, कारण तिथे जुनी कवचं असतील तर सगळं मुसळ केरात. माझा मेन टँक मी ७६ दिवस माशांशिवाय चालवला. आत गोगलगायी, खेकडे, दगड, पंप सुरू, मासा एकही नाही. घरचे रोज विचारायचे की रिकामा टँक का बघत बसतोस.

पण मासा परजीवीशी लढू शकेल इतका धडधाकट असणं हेही तितकंच महत्त्वाचं, आणि ते पोटापासून सुरू होतं. टँग दिवसभर शेवाळ कुरतडत फिरतो. त्याच्या आतड्यात तर एक वेगळंच जग आहे: १९८५ साली तांबड्या समुद्रातल्या तपकिरी सर्जनफिशच्या आतड्यात शास्त्रज्ञांना नुसत्या डोळ्यांनी दिसतील एवढे मोठे एकपेशीय जीव सापडले, आधी ते जीवाणू असतील असं वाटलंच नाही, १९९३ साली जनुकीय तपासणीत कळलं की ते जीवाणूच आहेत, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लांब. असं आतडं घेऊन जन्मलेल्या माशाला दिवसातून एकदा चिमूटभर पेलेट्स टाकून भागत नाही. सुशीसाठी मिळते ती नोरी, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे पातळ कागद, आणा, बिनतेलाची, बिनमिठाची, क्लिपने काचेला लावा आणि सकाळ-संध्याकाळ बदला. दुकानात मासा घेताना डोक्याच्या मागे, पोटाच्या वर नीट बघा, तिथे खळगा पडलेला असेल, पोट खपाटीला गेलेलं असेल तर रंग कितीही भारी असला तरी सोडा. दुकानदाराला सांगा की माझ्यासमोर खायला घाला, नाही खाल्लं तर नाही घ्यायचा.

जागेबद्दल थोडक्यात, सहा फूट लांबीपेक्षा कमी नको, कारण हा सरळ लांब पोहणारा मासा आहे. त्याच्यासारखा दिसणारा दुसरा टँग आधीच असेल तर मारामाऱ्या ठरलेल्या. प्रवाह जोरदार हवा आणि ऑक्सिजनकडे लक्ष हवं, खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने कमी ऑक्सिजन विरघळतो आणि पाणी तापलं की आणखी कमी. आमच्या ठाण्यात मे महिन्यात लाइट गेली की अर्ध्या तासात मासे वरती यायला लागतात, त्यामुळे बॅटरीवरचा एअर पंप घरात असतोच. इचने आधी कल्ले पोखरलेले असतात, म्हणजे आजारी टँगला गरम पाणी दुप्पट महाग पडतं. आणि स्वस्तात समुद्रातला कोरल किंवा कोरलचा दगड कुणी देत असेल तर घेऊ नका, कोरल आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहेत, कृत्रिम दगडावर टँक उत्तम चालतो.

दुसरा पावडर ब्लू आता दोन वर्षांचा झालाय माझ्याकडे. रोज पहाटे लाइट लागायच्या आधी मी लाल उजेडाची बॅटरी घेऊन त्याच्या कपारीत बघतो, ठिपके मोजायला नाही, कल्ले किती वेळा हलतात ते मोजायला, कारण कल्ल्यांतला परजीवी बाहेरून दिसत नाही पण श्वास वाढलेला दिसतो. मिनिटभर मोजतो, वहीत आकडा लिहितो आणि मग नोरीची क्लिप लावतो.