मेंदूच्या शिरांतील गुठळ्या : रक्तस्राव दिसतानाही हेपरिन का?

मेंदूच्या शिरेत गुठळी होऊन येणारा पक्षाघात पहिल्यांदा नोंदवला गेला तो १८२५ मध्ये फ्रान्समध्ये, रुग्णाच्या शवविच्छेदनात. पुढे शतकभर निदान बहुधा मृत्यूनंतरच व्हायचे. १९२७ मध्ये पोर्तुगालमधील लिस्बनमध्ये मेंदूतील रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र काढता आले. खरा फरक पडला तो सीटी आणि एमआरआयमुळे. डाय टोचल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूला पांढऱ्या कडांचा, आतून काळा त्रिकोण उमटतो. ती काळी जागा म्हणजे गुठळी.

वाद पेटला तो उपचारावरून. शीर तुंबली की मागे दाब वाढतो, बारीक वाहिन्या फुटतात आणि एकाच स्कॅनवर गुठळीही दिसते, रक्तस्रावही. अशा रुग्णाला रक्त पातळ करणारे हेपरिन द्यायचे का? १९४०च्या दशकात एका बाळंतिणीला ते देऊन झाले होते, तरी पुढची कित्येक वर्षे डॉक्टर कचरतच राहिले. १९९१ची जर्मन चाचणी अवघ्या २० रुग्णांची. हेपरिन मिळालेल्या १० जणांपैकी ८ पूर्ण बरे झाले, दगावले कोणीच नाही. उरलेल्या १० जणांत पूर्ण बरा झाला एक, दगावले तिघे. चाचणी मध्येच थांबवावी लागली. १९९९च्या डच चाचणीत फरक इतका ठळक नव्हता, म्हणून शंका रेंगाळली. ती इतकी ताणायला नको होती. रक्तस्रावाचे मूळच तुंबलेल्या शिरेत आहे. ती मोकळी झाल्याशिवाय दाब उतरणार कसा? पुन्हा लिस्बनच्याच पुढाकाराने झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६२४ रुग्णांच्या पाहणीत बहुतेकांना अशी औषधे दिलेली होती. मृत्यू पावलेले किंवा परावलंबी झालेले मिळून १३.४ टक्के निघाले.

आपल्याकडे पूर्वी हा बाळंतिणींचाच आजार समजला जाई. जंतुसंसर्ग, रक्तक्षय आणि त्यात पाणी तोडण्याची रीत. अलीकडे भारतीय रुग्णालयांत तरुण पुरुषही मोठ्या संख्येने आढळतात. कारणांत दारूही आहे. गोव्यात काणकोण किंवा सत्तरीहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पोचेपर्यंत वेळ जातो. तिशीतल्या माणसाची आठवडाभर न थांबणारी, आडवे झाल्यावर वाढणारी डोकेदुखी पित्तावर ढकलून चालणार नाही.

२०२१ मध्ये कोविशिल्डच्या घडणीच्या लसीनंतर अगदी विरळा रुग्णांत अशा गुठळ्या आढळल्या, पण सोबत प्लेटलेट घटलेल्या. तेवढ्यांपुरते हेपरिन टाळून दुसरी औषधे वापरण्याची सूचना निघाली. इतरांचा उपचार बदलला नाही.