व्यावसायिक संकेतस्थळांसाठी आशयलेखन (मराठवाडा)

कारखाने, दुकाने, दवाखाने, शिकवणी वर्ग, हॉटेले यांच्या संकेतस्थळांवरचा मजकूर मोबदला घेऊन लिहून देण्याचे काम. रोजच्या व्यवहारात याला 'कंटेंट रायटिंग' म्हणतात, आणि मालकाच्या तोंडी तर नुसते 'कंटेंट'. मुख्यपान, 'आमच्याविषयी', उत्पादनांची व सेवांची पाने, नेहमी विचारले जाणारे प्रश्न, गूगलवर दिसणारे शीर्षक आणि त्याखालचे दोन ओळींचे वर्णन हे सगळे यात येते. जाहिरात न बोलावता समोर येते. संकेतस्थळावर मात्र गिऱ्हाईक आपली गरज घेऊन स्वतः आलेले असते. म्हणून या लेखनात आकर्षक वाक्यापेक्षा नेमक्या माहितीला किंमत आहे.

मराठवाड्यात या कामाची मागणी जिल्ह्यागणिक बदलते. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने आहेत. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने पुरवठादार वाढले. त्यांचे संकेतस्थळ वाचणारा पुण्याचा किंवा चेन्नईचा खरेदी अधिकारी असतो, त्यामुळे मजकूर बहुधा इंग्रजीत लागतो. त्याला यंत्रे कोणती, किती टन दाबाचे प्रेसयंत्र, कोणती प्रमाणपत्रे, महिन्याला किती नग निघतात, एवढेच पाहायचे असते. प्रत्यक्षात अशा अनेक पानांवर 'गुणवत्ता हाच आमचा ध्यास' हे वाक्य आणि उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यांचा फोटो भेटतो. मालकाच्या दृष्टीने तो फोटो महत्त्वाचाच असतो. त्याला 'आमच्याविषयी'च्या तळाशी जागा द्यावी आणि यंत्रांची यादी वर घ्यावी, हा लेखकाने काढलेला व्यवहारी तोडगा.

जालन्याची सळई हे याचे चांगले उदाहरण. तिथल्या रोलिंग मिलचा माल बांधकामाला जातो आणि बहुतेक पाने तो 'भूकंपरोधक', 'अतिमजबूत' असल्याचे सांगतात. अभियंत्याला या विशेषणांचा उपयोग नाही. भारतीय मानक आयएस १७८६ नुसार एफई ५०० या दर्जाच्या सळईने कायमची ताणली जाण्याआधी किमान ५०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर एवढा ताण सोसावा लागतो. एफई ५०० डी मध्येही तोच आकडा आहे, पण तुटण्यापूर्वी ती किमान १६ टक्के लांबावी लागते, तर साध्या ५०० ला १२ टक्के पुरतात. भूकंपात सळई तुटण्याऐवजी वाकणे महत्त्वाचे, म्हणून 'डी', म्हणजे डक्टिलिटी (न तुटता ताणले जाण्याचा गुण). किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्या भागाने पाहिला तिथल्या घरमालकाला हे दोन वाक्यांत समजते. पण ही माहिती मालकाच्या केबिनमध्ये सहसा मिळत नाही, ती मिलच्या चाचणी प्रयोगशाळेत असते. तिथल्या माणसाशी तासभर बोलल्याशिवाय पान लिहायला घेऊ नये.

बियाण्यांचा धंदाही जालन्याचाच. १९६४ साली इथे महिको कंपनी स्थापन झाली आणि पुढे या परिसरात बियाणे उद्योग रुजला. इथला वाचक मात्र शेतकरी, त्याची भाषा मराठी आणि हातात मोबाइल. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सोयाबीन वाण तो 'एमएयूएस ६१२' असे क्रमांकानेच शोधतो, कधी रोमन अक्षरांत टंकून, कधी फोनशी बोलून. त्याचे प्रश्न ठरलेले: एकरी बियाणे किती, वाण किती दिवसांत येतो, कोरडवाहूत चालतो का, येलो मोझॅकचे (पाने पिवळी पाडणाऱ्या रोगाचे) काय. शिवाय या मजकुराला हंगाम असतो. मृग नक्षत्र सात-आठ जूनला लागते. खरिपाचे पान त्या दिवशी लावले तर उशीर झाला, कारण गूगलसारख्या शोधयंत्राला पान सापडून ते निकालात यायला वेळ लागतो. एप्रिलमध्ये काम सांगणारा मालक क्वचितच भेटतो.

मराठी पानांच्या मार्गातला एक जुना अडथळा टंकांचा (फाँटचा). युनिकोड, म्हणजे अक्षरे साठवण्याची सर्वत्र सारखी पद्धत, रूढ होण्यापूर्वी तयार झालेला मजकूर खास टंकांत होता. तो टंक नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसत आणि शोधयंत्रालाही काही वाचता येत नसे. छापखान्यातून आलेले माहितीपत्रक जसेच्या तसे चिकटवले की हीच अडचण आजही उद्भवते. आधी युनिकोडमध्ये रूपांतर आणि मग जोडाक्षरे तपासणे हे कंटाळवाणे काम लेखकाच्याच वाट्याला येते.

गावांच्या नावांचाही प्रश्न आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. लोक मात्र दोन्ही नावांनी शोधतात, परगावचे पर्यटक तर बहुधा जुन्याच. वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्यांसाठी असलेल्या हॉटेलच्या पानावर नवे नाव मुख्य ठेवून जुने एकदा सहज ओळीत यावे. प्रत्येक परिच्छेदात दोन्ही नावे कोंबली तर वाचकही वैतागतो आणि शोधयंत्रही खूश होत नाही: गूगलने निकालांची क्रमवारी लावण्याच्या पद्धतीत फेब्रुवारी २०११ मध्ये केलेल्या 'पांडा' नावाच्या बदलापासून पोकळ आणि उसना मजकूर मागे ढकलायला सुरुवात केली.

पडद्यावर लोक वाचतात तेही वेगळ्या पद्धतीने. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी १९९७ मध्ये नोंदवले की त्यांच्या चाचणीतील ७९ टक्के लोक नवे पान नुसते चाळतात आणि जेमतेम १६ टक्के शब्दन् शब्द वाचतात. पैठणच्या विणकराच्या पानावर पैठणीचा सातवाहनकाळापासूनचा इतिहास आधी लिहायची हौस सगळ्यांनाच असते. घेणारीला आधी हवे असते ते हातमाग की यंत्रमाग, जरतार कोणती, पदर केवढा, नक्षी बांगडी-मोराची की मुनियाची, विणायला किती दिवस. इतिहास खाली असला तरी ज्याला हवा तो वाचतोच.

कायदा हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग. लातूरच्या शिकवणी वर्गांच्या पानांवर गुणवंतांचे फोटो आणि 'निवडीची हमी' दिसे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवडीची हमी देता येत नाही; विद्यार्थ्याचे नाव व फोटो निकालानंतर घेतलेल्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही, आणि त्याने कोणता अभ्यासक्रम किती काळ केला हेही सांगावे लागते. दोन महिन्यांच्या सराव परीक्षेला बसलेला मुलगा 'आमचा विद्यार्थी' म्हणून झळकवण्याला यामुळे चाप बसला. वकिलांना जाहिरात करण्यास मनाईच आहे. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण, कामाचे क्षेत्र एवढी माहिती देता येते. मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, मग ती भिंतीवर असो की वेबपानावर. मालक म्हणाला म्हणून लिहिले, हे लेखकाने स्वतःला देण्याचे उत्तर नव्हे.

दर शब्दावर ठरतो किंवा पानावर. शब्दावर ठरला की मजकूर फुगतो. चारशे शब्दांच्या पानाचे हजार होतात आणि सळईच्या पानावर मानवी संस्कृतीत पोलादाचे स्थान अवतरते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून असा मजकूर फुकट आणि क्षणात मिळू लागला, त्यामुळे निव्वळ शब्द भरणाऱ्यांचे काम आटले. गूगलची हरकत यंत्राने लिहिण्याला नाही, निकालात वर येण्यासाठी घाऊक प्रमाणात निरुपयोगी पाने काढण्याला आहे. मार्च २०२४ च्या धोरणात हे स्पष्ट केले गेले. मिलच्या प्रयोगशाळेतला आकडा मात्र यंत्राला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

मजकुराची मालकी हा पैसे मिळाल्यावर विसरला जाणारा मुद्दा. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. स्वतंत्र लेखकाच्या बाबतीत लेखकच. हक्क हस्तांतरित करायचे तर ते सहीनिशी लेखी लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. इकडे बहुतेक कामे फोनवर ठरतात आणि पैसे थेट खात्यावर येतात, कागद होतच नाही. निर्यात करणाऱ्या कारखान्याने तरी एक पानी करार करून त्यात मुदत आणि प्रदेश लिहून घ्यावा.