लंडनच्या युद्धपोस्टरांतली पडझड: बॉम्बची कोणती, गरिबीची कोणती?

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश पोस्टरांच्या दोन मालिकांची सहज गल्लत होते. दोन्हींत लंडनमधली एखादी खरीखुरी इमारत ताठ उभी दिसते, जवळपास पडक्या भिंती असतात आणि हेतूही एकच, लोकांची उमेद टिकवणं. फरक ओळखायचा तर त्या भिंतींकडे बघावं.

'द प्राउड सिटी' ही मालिका लंडन ट्रान्सपोर्टने १९४४ मध्ये काढली. वॉल्टर स्प्रॅडबेरी यांची सहा चित्रं. त्यांतलं सेंट पॉल कॅथीड्रल ब्रेड स्ट्रीटवरून काढलंय. मधल्या इमारती बॉम्बहल्ल्यांत भुईसपाट झाल्यामुळेच ते तिथून असं मोकळं दिसू लागलं होतं. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री आजूबाजूचा परिसर पेटलेला असताना स्वयंसेवकांनी ते आगीपासून वाचवलं. लंडनकरांना हे सांगावं लागत नव्हतं. भुयारी रेल्वेला वीज पुरवणारं चेल्सीचं वीजकेंद्रही या मालिकेत आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. शहराचा अभिमान नुसत्या घुमटांवर उभा नसतो.

दुसरी मालिका १९४२ ची, सैनिकांसाठी काढलेली. घोषवाक्य होतं, 'हा तुमचा ब्रिटन, त्याच्यासाठी आता लढा.' चित्रकार एब्राम गेम्स, लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत जन्मलेले. त्यांच्या एका पोस्टरवर १९३८ मध्ये सुरू झालेलं फिन्सबरी आरोग्य केंद्र आहे. वास्तुरचनाकार बर्थोल्ड ल्युबेटकिन यांची ही इमारत नवीकोरी, उजळ. तिच्यामागे पडकं, कळकट आवार, आणि तिथे मुडदूस झालेलं एक पोर. ही पडझड जर्मन विमानांनी केलेली नाही. ती युद्धाच्या आधीपासूनची आहे, घरच्याच दारिद्र्याने आणि दुर्लक्षाने झालेली. स्प्रॅडबेरी सांगतात, बघा, एवढं होऊनही हे टिकलं. गेम्स सांगतात, जे होतं तेच परत आणण्यासाठी लढायचं नाही.

चर्चिल यांना ते मूल झोंबलं. देशाची ही बदनामी आहे असं त्यांचं मत पडलं आणि पोस्टर मागे घेण्यात आलं. मला मात्र दोन्हींत हेच अधिक धीट वाटतं. जीव धोक्यात घालणाऱ्या माणसाला त्याच्याच गल्लीचं खरं चित्र दाखवून, हे बदलेल, असा शब्द देणं सोपं नाही. युद्धानंतर हा शब्द निदान आरोग्याच्या बाबतीत पाळला गेला: सगळ्यांना मोफत उपचार देणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा ब्रिटनमध्ये १९४८ साली सुरू झाली.

केन्सल हाउस या कामगारांच्या घरांचंही पोस्टर याच मालिकेत आहे. त्याच्या वास्तुरचनाकारांपैकी मॅक्सवेल फ्राय पुढे चंदीगडच्या उभारणीत होते.

फक्त घोषवाक्यावरून मात्र ओळखायला जाऊ नका. तेच वाक्य फ्रँक न्यूबोल्ड यांच्या पोस्टरांवरही आहे. त्यांत हिरव्या टेकड्या, मेंढपाळ आणि सॉल्सबरीचं कॅथीड्रल आहे, पडकी भिंत एकही नाही.