सह्यांचा अर्ज (ब्रिटिश संसद)

मागणी लिहून, तिच्याखाली लोकांच्या सह्या घेऊन ती संसदेपुढे ठेवण्याची ब्रिटनमधील पद्धत. राजाकडे अर्ज करण्याच्या हक्काला १६८९ च्या हक्कांच्या सनदेने संरक्षण दिले. पुढे गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या मोहिमेत मताधिकार नसलेल्यांचे हे मोठे हत्यार बनले. १७९२ मध्ये या एकाच प्रश्नावर ५१९ अर्ज आले. १८३३ मध्ये गुलामगिरीच बंद करण्याच्या मागणीसाठी एकट्या स्त्रियांच्या एका अर्जावर सुमारे १,८७,००० सह्या होत्या.

एकोणिसाव्या शतकातले नियम काटेकोर होते. मजकूर हाताने लिहिलेलाच हवा, छापील चालत नसे. शेवटी सभागृहाला नेमकी विनंती, आणि विनंतीच्याच कागदावर निदान एक सही. दुसरीकडून कापून चिकटवलेली सही बाद. ज्याची त्यानेच सही करायची, लिहिता न येणाऱ्याने खूण. अर्ज मांडणार खासदारच, म्हणून तयार असलेला खासदार आधी गाठावा लागे. १८४२ पासून अर्ज मांडताना त्यावर चर्चा करण्यास जवळजवळ बंदीच आली.

त्या काळचे सर्वांत मोठे अर्ज चार्टिस्ट चळवळीचे, म्हणजे राजकीय हक्क मागणाऱ्या कामगारांच्या चळवळीचे. सर्व प्रौढ पुरुषांना मत आणि गुप्त मतदान या त्यांच्या सहा मागण्यांपैकी दोन. १८३९ च्या अर्जावर सुमारे १२ लाख ८० हजार सह्या होत्या, १८४२ च्या अर्जावर ३३,१७,७५२. हे दुसरे भेंडोळे सहा मैलांहून लांब होते. ते दारातून आत जाईना, तेव्हा सुटे करून न्यावे लागले. सभागृहाने तो २८७ विरुद्ध ४९ मतांनी फेटाळला.

१८४८ च्या तिसऱ्या चार्टिस्ट अर्जाचा घात झाला तो मोजणीत. चळवळीचे नेते फर्गस ओकॉनर यांनी ५७ लाखांचा आकडा सांगितला होता. कारकुनांनी मोजल्या १९,७५,४९६. त्यांत राणी व्हिक्टोरिया, ड्यूक ऑफ वेलिंग्टन अशी उघडच खोटी नावे निघाली आणि पानेच्या पाने एका हस्ताक्षरात. निरक्षरांची नावे शेजाऱ्याने लिहिणे सर्रास चाले, तेव्हा एक हस्ताक्षर म्हणजे लबाडीच असे नाही. पण फुगवलेल्या आकड्यामुळे खऱ्या सह्यांचीही थट्टा झाली. हा अन्यायच होता.

अर्ज फेटाळला तरी मेहनत फुकट जात नसे. सह्यांसाठी दारोदार फिरताना गावोगाव कार्यकर्ते तयार होत. १८६६ चा स्त्री-मताधिकाराचा अर्ज जेमतेम १,४९९ सह्यांचा. विचारवंत आणि खासदार जॉन स्टुअर्ट मिल यांनी तो मांडला आणि त्यातून संघटित चळवळ उभी राहिली. मुंबईहून बॉम्बे असोसिएशन या राजकीय संस्थेनेही ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण तोंडावर असताना, १८५२ मध्ये, याच वाटेने संसदेकडे अर्ज धाडला.

आता अर्ज मुख्यतः ऑनलाइन असतात. १०,००० सह्यांवर सरकार लेखी उत्तर देते, १,००,००० वर चर्चेचा विचार होतो. सह्या ईमेलने पक्क्या कराव्या लागतात, तरी बनावट सह्या येतातच: युरोपीय संघ सोडण्यावर पुन्हा सार्वमत घ्या, या २०१६ च्या अर्जातून सुमारे ७७,००० काढाव्या लागल्या. २०१९ मध्ये युरोपीय संघ सोडण्याचा निर्णय मागे घ्या, या अर्जावर ६० लाखांहून अधिक सह्या जमल्या. त्यावर चर्चा झाली. सरकारने मागणी नाकारली.