दगडीचे जंतू कासेत शिरतात कुठून?

मिल्किंग मशीन घेतलेल्या आणि घेऊ पाहणाऱ्या गोठेवाल्यांसाठी

दुकानात आलेला माणूस खिशातून मोबाइल काढतो, सुजलेल्या कासेचा फोटो दाखवतो आणि विचारतो, "दगडी झालीय, काही आहे का?" दगडी म्हणजे जंतूंमुळे कासेला होणारा दाह. खरं सांगायचं तर फोटोत दिसण्याइतकी सूज येते तोवर जंतूंनी आतलं बरंचसं काम उरकलेलं असतं. ते काम काय, हे काउंटरवर उभ्या उभ्या सांगणं जमत नाही, म्हणून हे पत्रक. आम्ही मशीन विकतो, दुरुस्त करतो, लायनर (सडावर चढणारी रबरी नळी), धारेनंतर सड बुडवायचे डिपचे कप आणि सीएमटीचं, म्हणजे दगडी ओळखायच्या चाचणीचं, द्रावण ठेवतो. औषधाचं काम डॉक्टरांचं, त्यात आम्ही पडत नाही.

सडाचं दार

कासेत शिरायला जंतूला बहुतेक वेळा एकच वाट असते, सडाच्या टोकाचं छिद्र. त्याच्या आत ८ ते १२ मिलिमीटरची नळी, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. एवढ्यावर सगळा पहारा. नळीभोवतीचा गोल स्नायू तिला आवळून धरतो आणि आतून केराटिनचं मेणचट अस्तर असतं. आपली नखं आणि जनावराची शिंगं ज्याची बनतात, तेच हे केराटिन. त्यात अडकलेला जंतू पुढच्या धारेबरोबर बाहेर जातो. म्हशीचा हा स्नायू गाईपेक्षा घट्ट असतो. तिला दगडी त्यामानाने कमी होते, आणि तिची धार काढताना बोटं भरून येतात तीही त्यामुळेच.

धार झाली की हा स्नायू लगेच आवळत नाही. अर्धा ते एक तास, कधी त्याहून जास्त वेळ दार किलकिलं राहतं, आणि नेमकी तेव्हाच गाय शेणामुतात बसते. म्हणून धारेनंतर लगेच गव्हाणीत वैरण टाका. खाण्याच्या नादात ती उभी राहते. याला आमच्या दुकानातलं काहीच लागत नाही.

चिकटणारा जंतू

लॅबच्या रिपोर्टवर 'स्टॅफ ऑरियस' असं नाव येतं तो हा. ॲबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास माणसांच्या गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना गोल जंतूंचे झुबके दिसले. ग्रीकमधल्या द्राक्षाच्या घडाच्या शब्दावरून त्यांनी १८८२ मध्ये स्टॅफिलोकॉकस हे नाव दिलं. द्राक्षबागवाल्यांना हे चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल.

हा जंतू भेगाळलेल्या सडांवर, धार काढणाऱ्याच्या हातांवर आणि आधीच बाधलेल्या कासेत राहतो. एका गाईकडून दुसरीकडे जातो तो धारेच्या वेळी. एकच ओलं फडकं सगळ्या गाईंच्या सडांवर फिरवणं म्हणजे घरोघर प्रसाद वाटणं आहे.

आत गेल्यावर त्याची पहिली अडचण ही की दूध रोज दोनदा वाहून जातं. मग तो चिकटतो. अस्तर खरचटलं असेल तिथे शरीराची डिंकासारखी प्रथिनं उघडी पडतात. नेमकी तीच पकडणारे आकडे या जंतूच्या अंगावर असतात, लेंग्याला गोखरू धरावं तसे. पाय रोवला की तो विष सोडतो, त्याने दूध बनवणाऱ्या पेशींना भोकं पडतात. काही जंतू तर सरळ पेशीच्या आत शिरून बसतात. तिथे रक्तातल्या पांढऱ्या पेशी पोचत नाहीत आणि बरीचशी अँटिबायोटिकंही पोचत नाहीत.

पांढऱ्या पेशी तशा लाखांनी धावून येतात. पण दुधात आल्यावर त्या जंतूंच्या जोडीला लोण्याचे कण आणि केसीन हे दुधातलं प्रथिनही गिळत सुटतात आणि पोट भरून सुस्तावतात. मग शरीर नाइलाजाने जंतूंच्या अड्ड्याभोवती तंतूंची भिंत घालतं. कासेत हाताला लागणारा टणक गोटा तो हाच. भिंतीआडून जंतू अधूनमधून दुधात सुटतात, म्हणून एका तपासणीत सापडतात आणि दुसऱ्या तपासणीत नाहीत. "दोन वेळा ट्यूब (सडातून आत सोडायचं औषध) सोडली, बरी झाली आणि पुन्हा उलटली" ही तक्रार बहुतेक वेळा याच जंतूची. प्रत्येक वेळी डॉक्टरांना दोष देऊ नका.

शेणातला जंतू

ई. कोलाय चिकटत बसत नाही, त्याचा सगळा भर वाढीवर. दुधातलं लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन लोह धरून ठेवतं, म्हणजे जंतूंची उपासमार होते. हा जंतू लोह ओढून घेणारे रेणू सोडतो आणि ते मिळवतो. परिस्थिती जमली तर वीस मिनिटांत एकाचे दोन. हा हिशेब कागदावर केला तर आठ तासांत एकाचे दीड कोटीच्या वर जातात. मरताना त्याच्या अंगावरच्या आवरणातलं विष सुटतं आणि गाईचं शरीर त्यावर भडकून उठतं. ताप येतो, चारा सुटतो, कान गार पडतात, दूध दह्याच्या निवळीसारखं पाणचट येतं. सकाळी बरी दिसलेली गाय रात्री आडवी होऊ शकते. अशा वेळी सकाळ होण्याची वाट पाहू नका, डॉक्टरांना रात्रीच उठवा. नुकत्या व्यालेल्या गाईला हा धोका सगळ्यात जास्त, कारण त्या दिवसांत तिची प्रतिकारशक्ती ढिली असते.

एसएनएफ लागत नाही तेव्हा

कास मऊ, दूध पांढरं, गुठळी नाही, आणि तरी आत दगडी असू शकते. दूध बनवणाऱ्या पेशी दुखावल्या की लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घटतं आणि रक्तातलं मीठ दुधात झिरपतं. संकलन केंद्रावर एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) लागत नाही तो काही वेळा यामुळे. लोक पेंड बदलून बघतात. आधी सीएमटी करून बघा.

चार खणांच्या ताटलीत चारही सडांचं दूध वेगवेगळं घ्या, साधारण चमचाभराहून कमी. पहिल्या तीन-चार धारा यात घेऊ नका. तेवढंच द्रावण टाका आणि दहा सेकंद गोल फिरवा. निरोगी दूध पाण्यासारखं हलतं. बाधलेलं आधी चिकट होतं आणि मग जेलीसारखं गोळा होऊन खणाच्या मध्याशी जमतं. द्रावण साबणाच्या जातीचं असतं. ते पांढऱ्या पेशी फोडतं आणि आतला डीएनए बाहेर पडून दूध घट्ट होतं. जेवढ्या पेशी तेवढी जेली. दर मिलिलिटरला २ लाखांच्या वर पेशी म्हणजे त्या सडात काहीतरी चाललंय असं समजतात. चिकाच्या दिवसांत ही चाचणी करू नका, तेव्हा निरोगी गाईचंही घट्ट येतं.

मशीन कुठे नडतं

आमचंच उदाहरण सांगतो. आम्ही बसवून दिलेल्या एका मशीनवर पाठोपाठ तीन गाईंना दगडी झाली. मालकांनी गोठा चुन्याने धुतला, पेंड बदलली, उपयोग शून्य. शेवटी आमचा माणूस मशीनची ओढ मोजायचा स्वतःचा गेज घेऊन गेला. मशीनवरचा काटा ४२ किलोपास्कलवर अडकून बसलेला, आमच्या गेजवर ५४, म्हणजे ओढ जास्त. गाईंच्या सडांच्या टोकाला पांढरी खडबडीत कडी आलेली, फुलाच्या पाकळ्या उलटाव्यात तशी. त्या भेगांत जंतूंना घरच मिळतं. वर्षातून दोनदा गेज तपासायला हवा होता, तो आमच्याकडून राहिला होता.

दुसरी गोष्ट लायनरची. सैल लायनर सडावरून घसरला की 'फुस्स' आवाज येतो. तो आवाज म्हणजे आत घुसलेली हवा. तिच्या झोताने दुधाचे थेंब, जंतूंसकट, बाकीच्या सडांच्या उघड्या तोंडावर आपटतात. रबरी लायनर साधारण २५०० धारांपर्यंत चालतो. दहा गाई, दोन वेळा, एकच क्लस्टर (चार सडांना लावायच्या कपांचा संच), म्हणजे दिवसाला २० धारा, म्हणजे १२५ दिवस. "वर्ष झालं, अजून फाटला नाही" हा हिशेब चालत नाही. फाटायच्या आधीच त्याचा ताण गेलेला असतो. आणि गाय पान्हवल्याशिवाय क्लस्टर लावू नका, म्हशीला तर मुळीच नाही. रिकामा सड ओढला की अस्तर दुखावतं, आणि चिकटणाऱ्या जंतूला तेवढंच पुरे.

डिप आणि ट्यूब

धारेनंतर ०.५ टक्के आयोडीनचा डिप कप सडावर पुरा चढवा, नुसतं टोक बुडवून भागत नाही. कपात उरलेलं, गढूळ झालेलं द्रावण परत डब्यात ओतू नका. घरोघरी धारेला बहुतेक करून वहिनी-मावशीच बसतात, म्हणून हे पत्रक आधी त्यांच्या हातात द्या.

डॉक्टरांनी ट्यूब दिली असेल तर सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि नोझल तीन-चार मिलिमीटरच आत घाला. पूर्ण खुपसलं तर केराटिनचं अस्तर खरवडतं आणि दारातले जंतू आपणच आत ढकलतो. ट्यूबवर लिहिलेले दिवस पुरे होईपर्यंत ते दूध डेअरीला घालू नका आणि घरातही वापरू नका.

गेज तपासायला आमचा माणूस दर सहा महिन्यांनी येईल, त्याचे पैसे नाहीत. तारीख मशीनच्या बादलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीत लिहिलेली असते. ती उलटून गेली असेल तर पावतीवरच्या नंबरावर फोन करा, आणि त्या वेळी मशीन चालू ठेवून बोला. पल्सेटरच्या (लायनरची उघडझाप करणाऱ्या भागाच्या) आवाजावरून अर्धं काम आम्हाला फोनवरच कळतं.